गॅस गेला कुठे?

गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला, की निदानासाठी कुणाला शोधत जावं लागत नाही. शेजारी सांगतो, पंपावर टायरमध्ये हवा भरणारा मुलगा सांगतो, मागच्या सीटवरचे पाहुणे सांगतात: गॅस संपला असेल, भरून घ्या. मग कुठे स्वस्तात भरून मिळतो त्याची चर्चा होते आणि विषय मिटतो. गॅस गेला कुठे, हे कुणी विचारत नाही.

खरं तर तो खर्च होणारा जिन्नसच नाही. पेट्रोल जळतं, ऑइल काळं पडतं, टायर झिजतात. एसीतला गॅस मात्र बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत असतो. कारखान्यात भरलेला तोच गॅस गाडी भंगारात जाईपर्यंत पुरावा, अशी मूळ कल्पना. रबरी नळ्यांतून, सीलमधून वर्षाकाठी थोडाथोडा झिरपतो हे खरं, पण ते जाणवायला बरीच वर्षं जावी लागतात. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर गाडीला भोक पडलेलं आहे. यापलीकडे त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

हे ज्ञान मला जिते इथे मिळालं. मुंबई-गोवा महामार्गावर खारपाड्याचा पूल ओलांडला, की पाताळगंगा मागे पडते आणि पेण तालुक्यातलं हे गाव लागतं. रेल्वेचं छोटं स्टेशन आहे, आपटा आणि हमरापूर यांच्या मधलं. दिवा-रोहा गाडी थांबते. बाकी महामार्गावरून जाणाऱ्यांना जिते म्हणजे पेण यायच्या आधीचं काहीतरी. मी त्यांच्यातलीच. आमचं गाव रोह्याकडे, राहणं पनवेलला, त्यामुळे हा रस्ता वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेला.

मे महिन्यातली दुपार होती. मागे सासूबाई, डिकीत हापूसची पेटी. कर्नाळ्याच्या खिंडीतून येताना हवा बरी गार होती. पूल उतरल्यावर ट्रेलरांची रांग लागली आणि गाडी उभी राहिली तशी ती गार हवा आधी कोमट झाली, मग दमट, मग नुसतीच हवा. रांग हलली की थोडी थंडी यायची, थांबली की जायची. सासूबाईंनी खिडकी उघडली आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, "एष्टीत हे असलं काही नव्हतंच, त्यामुळे बिघडायचंही नाही." खिडकीतून डिझेलचा धूर आणि महामार्गाची धूळ आत आली. त्यांनी खिडकी परत लावली. एष्टीचा मुद्दा मात्र मागे घेतला नाही.

त्या हंगामात गॅस आधीच भरून झालेला होता. एकीकडे भरला, काही आठवडे बर्फासारखी हवा आली, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुसरीकडे दाखवली तर तिथेही तोच गॅस आणि तेच आठवडे. प्रत्येक ठिकाणी मीटर लावला गेला, बाटली उघडली गेली, बिल मिळालं.

जित्याला रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक एसीवाला बसतो. पस्तिशीचा असेल, अंगात बनियन, कानाला पेन्सिल. बॉनेट उघडायच्या आधी त्यानं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्याच क्षणी माझा त्याच्यावर विश्वास बसला, कारण तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"ताई, उभ्या गारीत जातं का चालत्या?" उभ्या. "येकदम गेला का हलूहलू?" हळूहळू. "पुढं बसनाऱ्याच्या पायाखाली पानी येतं?" नाही. "आवाज?" कसला आवाज? त्यानं इंजिन चालू करायला लावलं, एसीचं बटण दाबायला लावलं आणि बोट वर करून ऐकत उभा राहिला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. मग लगेच टक्, टक्.

कॉम्प्रेसरच्या चाकावरचा चुंबकी क्लच धरतो आणि सोडतो, त्याचा हा आवाज. इंजिनाचा पट्टा ते चाक सतत फिरवत असतो, पण कॉम्प्रेसर खरोखर फिरतो तो क्लचनं धरल्यावर. १९४० सालच्या अमेरिकन पॅकार्ड गाड्यांत कारखान्यातून बसवलेला पहिला एसी आला, तेव्हा हा क्लच नव्हता. फार गार झालं तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि पट्टाच काढून ठेवायचा. आपण बटण दाबतो तेव्हा खरं म्हणजे तो पट्टा काढणं-घालणं एका टक् मध्ये उरकत असतो. आता हा टक् भराभर होऊ लागला, तर गॅस कमी झाल्याची ती खूण. दाब फार खाली गेला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, दाब सावरला की पुन्हा चालू करतो, आणि तो पुन्हा पडतो. आवाज ऐकून निदान करणारी माणसं हल्ली कमीच. डॉक्टरसुद्धा नाडी धरायच्या आधी रिपोर्ट मागतात.

पण त्यानं लगेच "गॅस कमी" असं म्हटलं नाही. आधी पुढचा पंखा तपासला. उभ्या गाडीत थंडी जाते आणि चालत्या गाडीत येते, तेव्हा पहिला संशय पंख्यावर. चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानं द्यावा लागतो. पंखा जळाला, रिले गेला, फ्यूज उडाला, तरी लक्षण हेच आणि गिऱ्हाइकाला मिळणारं उत्तरही हेच: गॅस. आमचा पंखा फिरत होता. मग त्यानं दोन नळ्यांना हात लावला, एक जाड, एक बारीक. जाड नळी गार हवी आणि कोकणात तिला घाम फुटायला हवा, बारीक नळी गरम हवी. आमची जाड नळी जेमतेम गार होती, कोरडी होती. "घाम नाय," तो म्हणाला आणि मीटर आणायला आत गेला.

एसी थंडी बनवत नाही. तो उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. नळीत फिरणारा आर-१३४ए नावाचा पदार्थ मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या मागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्याही पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेर सोडतो आणि पुन्हा द्रव होतो. म्हणजे आमच्या गाडीतली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर पडून, त्या ट्रेलरांच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या विकत फिरणाऱ्या पोराच्या अंगावर जात होती. एसी नीट चालतो तेव्हा ती जास्त जाते.

कोकणातल्या एसीला आणखी एक काम असतं, ते पुस्तकात शेवटच्या ओळीत येतं आणि इथे पहिल्या ओळीत यायला हवं. हवेतलं पाणी काढायचं. खाडीकडून येणारी मे महिन्यातली हवा इतकी भरलेली असते, की कॉइलच्या शक्तीचा मोठा वाटा तिला गार करण्यापेक्षा पिळण्यातच जातो. उभ्या गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं ते हेच. विलिस कॅरियरनं १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिलं यंत्र आखलं तेही माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेनं कागद फुगायचा, रंगांवर रंग बरोबर बसायचे नाहीत, म्हणून हवा कोरडी करायची होती. माणसं नंतर आली. जित्याच्या पुढे हमरापूर फाट्यावरून आत वळलं, की घराघरांत गणपतीचे कारखाने लागतात. तिथल्या लोकांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात मूर्ती वाळत नाही म्हणून हवालदिल होणाऱ्या माणसाला हवेतलं पाणी म्हणजे काय, ते त्या छापखानेवाल्याइतकंच कळतं.

आणि आपल्या शरीराचा एसीही त्याच पाण्यावर अडतो. घाम वाळला तर अंग निवतं, हवा भरलेली असेल तर नुसता निथळतो. रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे २०१७ च्या मार्चअखेरीस साडेसेहेचाळीस अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हा देशभर बातमी झाली आणि बऱ्याच जणांनी आधी थर्मामीटरवरच शंका घेतली. पण आकडा तेवढा चढायची गरज नसते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर चौदा माणसं दगावली. खारघरहून जिते गाडीनं फार लांब नाही. त्या वर्षानंतर सासूबाई उन्हाला नावं ठेवायच्या आधी दम खातात.

मीटर आला. दोन तबकड्या, एक निळी, एक लाल. निळी हलक्या दाबाची, लाल भारी दाबाची. इंजिन बंद करून थांबल्यावर दोन्ही काटे एकाच आकड्यावर आले, शंभर पौंडांच्या जरा खाली. आधीच्या ठिकाणी एकानं हाच आकडा दाखवून "गॅस आहे अजून" असं सांगितलं होतं. मी ते बोलून दाखवलं. तेव्हा या माणसानं जे सांगितलं ते मला आधी पटेना.

बंद गाडीत काट्यावर दिसणारा दाब गॅस किती आहे ते सांगतच नाही. तो फक्त किती उकडतंय ते सांगतो. नळीत द्रवाचा थोडासा साठा जरी शिल्लक असला, तरी तीस अंशांच्या दुपारी काटा शंभराच्या आसपास उभा राहणार, साठा निम्मा असो की पूर्ण. स्वयंपाकाच्या सिलिंडरचंच उदाहरण त्यानं दिलं: शेवटच्या दिवसापर्यंत शेगडी तशीच पेटते, म्हणून आपण सिलिंडर हलवून बघतो. एसीचा गॅस वजनावर मोजायचा असतो. लहान गाडीत साधारण चारशे ग्रॅम. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तिथे बोट ठेवून त्यानं तो मला वाचायला लावला. इतकी वर्षं ती गाडी चालवतेय, तो स्टिकर इंजिन ऑइलचा असेल असंच मी धरून चालले होते.

इंजिन चालू केल्यावर काटे वेगळे झाले. निळा असावा त्याच्या निम्म्यावर गेला, लालही पडलेलाच. दोन्ही खाली म्हणजे माल कमी. निळा वर आणि लाल खाली असता तर कॉम्प्रेसर थकलेला. निळा शून्याच्या खाली बुडून काही वेळानं आपोआप सावरला असता, तर आत पाणी शिरलंय आणि ते एक्स्पान्शन वॉलच्या तोंडाशी गोठतंय. हे तो मला सांगत नव्हता, त्याच्या हाताखालच्या पोराला सांगत होता. मी कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते.

"मग भरतोस?" मी विचारलं.

"ताई, गारी गॅस पीत नाय. जाते कुठून ते आदी बगू."

सासूबाईंना हे "आदी बगू" किती वेळ चालणार याचा अंदाज आला असावा. जित्यावरून रोह्याकडे गाडी किती वाजता आहे, ते त्यांनी शेडमधल्या पोराकडून विचारून घेतलं. दिवसातून मोजक्याच गाड्या, पण एक तासाभरात होती. रिक्षा बोलावली, पिशवी उचलली, आंब्याची पेटी मात्र माझ्या भरवशावर ठेवली आणि "तू ये मागनं" म्हणून त्या निघाल्यासुद्धा. संध्याकाळी फोनवर कळलं, की त्यांना खिडकीची जागा मिळाली होती आणि नागोठण्यापर्यंत झक्क वारा होता.

गळती शोधणं हे कंटाळवाणं काम आहे. उरलेला गॅस काढून घेतला. मग नळ्यांत नायट्रोजन भरला, गाडी चालताना असतो त्याहून फार कमी नसलेल्या दाबानं. साधा व्हॅक्यूम लावून काटा वर येतो का बघणं पुरत नाही, असं त्याचं मत. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत ढकलणारा दाब वातावरणाएवढाच, पंधरा पौंडांच्या आतला. आत दोनशे पौंड असताना जे भोक उघडतं, ते तेवढ्यानं तोंड मिटून बसतं. आधीच्या सगळ्यांनी व्हॅक्यूम लावला होता, काटा हलला नव्हता आणि "लीकेज नाही" असं मला सांगण्यात आलं होतं. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांनी प्रश्नच चुकीच्या बाजूनं विचारला होता.

मग साबणाचा फेस. प्रत्येक सांध्यावर ब्रशनं फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. पण तो आंधळेपणानं लावत नव्हता. टॉर्च घेऊन आधी धुळीचे डाग शोधत होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही नळ्यांतून फिरत असतं. जिथून गॅस सुटतो तिथे तेल पाझरतं, तेलावर धूळ बसते, चिकटते, काळी पडते. म्हणजे जिथे धूळ जास्त, तिथे चोर. महामार्गाच्या कामाची लाल-पांढरी धूळ एवढ्या वर्षांत कुणाच्या तरी उपयोगी पडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

डाग सापडला कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरच्या जाळीमागे. फेस लावला आणि एक बारीक, अगदी मोहरीएवढा बुडबुडा फुगायला लागला. फुटला, पुन्हा फुगला. तिथल्या पत्र्यावर ठेच लागल्याची खूण होती. दगड लागला होता.

दगड कुठून आला, ते विचारायला नको होतं. पळस्पे ते इंदापूर हा चौऱ्याऐंशी किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आज नोकरीला लागली आहेत. दर गणपतीच्या आधी पाहणी दौरे होतात, तारखा जाहीर होतात, खड्ड्यांत खडी पडते, पेव्हर ब्लॉक बसतात. चाकरमानी गावाला पोचतात आणि गौरी जायच्या आत खडी सुटते. ती ट्रेलरच्या टायरात अडकते आणि मागच्या गाडीच्या नाकावर बसते. खड्डा पुन्हा तिथेच का पडतो, त्याच्याखाली पाणी कुठून येतं, गटार कुठे तुंबलंय, हे बघण्यापेक्षा भरणं स्वस्त आणि दिसायला ठळक. भरलेला खड्डा फोटोत येतो. मोकळं झालेलं गटार फोटोत येत नाही. माझ्या गॅसच्या बिलांवर आणि त्या रस्त्याच्या बिलांवर एकाच हाताची सही असावी, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटून गेलं.

नवा कंडेन्सर पनवेलहून यायचा होता. अ‍ॅल्युमिनियमचं ते भोक वेल्डिंग करून बुजवता येतं, पण टिकेल याची खात्री नाही म्हणून त्यानंच नको म्हटलं. वेळ होता. शेडमध्ये एक म्हातारबुवा बसले होते, मुलाचा टेम्पो दाखवायला आलेले. खाडीकडच्या बाजूला शेती, तळ्यात जिताडे. माझ्या गाडीचा बुडबुडा बघायला तेही वाकले होते. परत बसल्यावर म्हणाले, "बाय, खांड अशीच जाते."

खारेपाटातल्या माणसाला गळती समजावून सांगायची गरज नसते. तिथली भातशेती समुद्राच्या भरतीपेक्षा खाली, मधे मातीचा बांध. बाहेरकाठा म्हणतात त्याला. पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी ठेवलेली असते. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. खेकडा बांधात बीळ करतो. पहिल्या दिवशी काही होत नाही. बिळातून पाणी झिरपतं, माती नेतं, बीळ मोठं होतं आणि उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडते. एकदा खारं पाणी भातात शिरलं, की जमीन गोडी व्हायला पुढचे पावसाळे मोजावे लागतात. म्हणून पूर्वी बांधावर रोज फेरी असायची. बीळ दिसलं की तिथल्या तिथे चिखल आणि पेंढा कोंबायचा. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन घरटी माणूस जायचा. "आता अर्ज देयाचा," म्हातारबुवा म्हणाले, "मंग बगायला येतात, तवर खांड जेलेली असते."

खार जमिनींसाठी १९४८ साली मुंबई सरकारनं कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्रानं नवा केला. बांधांची काळजी गावाच्या हातून खात्याच्या हातात गेली. खात्याचा हेतू वाईट होता असं म्हातारबुवांचंही म्हणणं नव्हतं. पण खातं बांधावर रोज फिरत नाही. ते खांड पडल्यावर येतं, आणि खांड बुजवायची निविदा निघते. बीळ बुजवायची निविदा कशी काढणार?

गळणारा गॅस हवेत जातो तेव्हा पुढे काय होतं, हा प्रश्न गॅरेजमध्ये निघत नाही, तरी त्याचा हिशेब साधा आहे. पूर्वी या नळ्यांत आर-१२ असायचा, फ्रिऑन. टॉमस मिज्ली नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या डोक्यातून तो निघाला. पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्तीही त्याचीच, म्हणजे एका माणसाच्या नावावर दोन संकटं. फ्रिऑन विषारी नाही, पेटत नाही हे दाखवायला त्यानं भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकला. त्याचं खरंच होतं. गॅस खोलीत निरुपद्रवीच होता. तो ओझोनच्या थरापर्यंत जाऊन काय करतो, ते मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडलं. १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याचे दिवस भरले आणि गाड्यांत आर-१३४ए आला. हा ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींहून भारी आहे. चारशे ग्रॅम गॅस सुटला, तर तो पाचशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे गळक्या गाडीत पुन्हा एक पूर्ण भरणी केली, की सव्वादोनशे लिटर पेट्रोल कुठेही न जाता जाळल्यासारखं. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारतानं असे गॅस २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचं कबूल केलंय. आर-१२३४वायएफ नावाचा सौम्य पर्याय परदेशी गाड्यांत रुळला आहे, पण तो महाग आहे. जित्याच्या शेडमध्ये त्याची बाटली अजून पोचलेली नाही. तोवर महाग-स्वस्ताचा विचार न करता करण्यासारखं एकच काम उरतं, ते म्हणजे तो बुडबुडा शोधणं.

कंडेन्सर आला. जोडताना त्यानं रिसीव्हरही बदलला. नळ्या उघडल्या की कोकणची हवा आत शिरते आणि रिसीव्हरमधली ओल शोषणारी पुडी भिजून जाते. मग तासभर व्हॅक्यूम, या वेळी ओल काढायला. दाब पुरेसा कमी झाला, की नळीतलं पाणी त्या उकाड्यातच उकळून वाफ होतं आणि पंपातून निघून जातं. मग इलेक्ट्रॉनिक काट्यावर बाटली ठेवून स्टिकरवरच्या आकड्याइतका गॅस, ग्रॅमला ग्रॅम. मी म्हटलं, अजून थोडा घाल, जास्त गार होईल. त्यानं मान हलवली. जास्त भरला तर कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, दाब चढतो आणि थंडी उलट कमी होते. गॅस भरून घ्यायला येणारे निम्मे लोक हेच मागतात म्हणे, आणि बरेच जण तो घालूनही देतात.

जाड नळीला घाम फुटला. पोरानं तिच्यावरून बोट फिरवून मला दाखवलं.

बिल आधीच्या कुठल्याही बिलापेक्षा मोठं होतं. कंडेन्सरची पावती त्यानं वेगळी दिली. मजुरी लिहिताना अडखळला आणि पेन्सिल पुन्हा कानाला लावून म्हणाला, शोधायचे किती लावू ते कळत नाही, कारण शोधायचे पैसे कुणी देत नाही. सापडलं नाही तर काय सांगायचं गिऱ्हाइकाला? मी विचारलं, मग धंदा कसा चालतो? त्यानं रांगेतल्या ट्रेलरांकडे हात केला. २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला एसी असलाच पाहिजे, असा सरकारी नियम आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे आणि न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारे ड्रायव्हर आजवर बनियनवर, खिडकी उघडी टाकून, टॉवेल ओला करून गेले. आता त्यांच्याही नळ्या या खडीतून धावणार आणि जिते वाटेवरच.

"शोधून घेतील ते?" मी विचारलं.

"कशाला? मालक सांगनार गॅस भर आनि सोर." त्यानं शेडच्या बाहेर टेकवून ठेवलेल्या पाटीकडे हात केला. पेंटरनं नुकतीच रंगवून आणली होती, रंग अजून ओला होता: सर्व गाड्यांचा एसी गॅस भरून मिळेल. "लीकेज पन लिव्हायचा व्हता," तो म्हणाला. "पेंटर अक्षराचे पैसे घेतो."